डाव्या पिळाचा दोर

"साहेब, आधी चला. जोडे वाटेत घाला."

दोरखान्याची थोरली सून एवढंच बोलली आणि कोतवालाच्या उंबऱ्यावरच बसली. एरवी ही बाई बोलायला लागली की ऐकणाऱ्याला बसावं लागे. आज तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता, तेव्हाच कोतवालाने ओळखलं की काहीतरी विपरीत घडलंय.

"काय झालं?"

"मामंजी. दोरखान्यात. लटकलेत."

"कुणी पाहिलं?"

"मीच. सकाळी वाख विंचरायला गेले, दार नुसतं लोटलेलं. आत पाऊल नाही टाकलं, साहेब. टाकवेना."

कोतवाल निघाला खरा, पण दोरखान्याच्या नावाने त्याची चाल मंदावली होती. दरोडेखोराच्या अंगावर एकट्याने धावून जाणारा हा गडी भुताखेतांचं नाव काढलं की कावराबावरा होई. बंदरावरची टवाळ माणसं त्याला पाठीमागे भित्री भागूबाई म्हणत, हे त्याला ठाऊक होतं. आणि गेल्या हिवाळ्यापासून दोरखाना झपाटलेला होता, हे साऱ्या बंदराला ठाऊक होतं.

दोरखाना म्हणजे किनाऱ्याला लागून असलेली एक अरुंद, लांबच लांब पडवी. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला मोठं लाकडी चाक. दोर वळणारा कमरेला वाखाचा, म्हणजे विंचरलेल्या अंबाडीच्या तंतूंचा गुंडाळा बांधी, त्याचं टोक चाकाच्या आकड्याला अडकवी, आणि चाकावरचा माणूस चाक फिरवू लागला की वाख सोडत सोडत मागे मागे चालत दारापर्यंत येई. सगळं जग पुढे जाऊन कमावतं, आम्ही मागे जाऊन कमावतो, असं म्हातारा दोरवाला हसून म्हणायचा.

तोच म्हातारा आता चाकाजवळच्या तुळईला लटकत होता.

दाराबाहेर माणसांची गर्दी. थोरला मुलगा उंबऱ्याबाहेर गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. कोतवालाची आणि त्याची जुनी ओळख. बंदरात कुणाचं मयत असो, लाकडं आणायला हा सगळ्यांच्या आधी हजर असायचा.

"आत कोण कोण गेलं?"

"कुणी नाही, साहेब," थोरला म्हणाला. "मी जाऊ दिलं नाही. पावलं बघा आधी."

कोतवालाने उंबऱ्यातून आत बघितलं.

दोरखान्याच्या जमिनीवर वाखाचा भुस्सा पिठासारखा पसरलेला असे. थोरली सून रोज काम संपल्यावर तो झाडून सारखा करायची. त्या सारख्या केलेल्या भुश्श्यावर दारापासून चाकापर्यंत पावलांच्या तीन ओळी गेल्या होत्या. एक ओळ म्हाताऱ्याची, शेजारी त्याच्या काठीचे ठिपके. बाकीच्या दोन कुणाच्या, ते कळत नव्हतं. भुसभुशीत भुश्श्यात पाऊल मोठं की लहान याचा पत्ता लागत नाही. पण बोटांची बाजू सगळ्यांची चाकाकडे होती.

तीन माणसं आत गेली होती. बाहेर एकही आलं नव्हतं.

"म्हणजे ते अजून आतच आहेत," गर्दीतून कुणीतरी पुटपुटलं आणि पुढची माणसं दोन हात मागे सरली.

कोतवाल आत शिरला. भिंतीला अंग घासत, ओळी न मोडता तो चाकापर्यंत गेला. आत कुणी नव्हतं. खिडक्यांना गज होते आणि गज शाबूत होते. मुख्य दाराला लागूनच घरातल्या कोठीत उघडणारं एक लहान दार होतं, त्यालाही आतून कडी होती. त्याने म्हाताऱ्याला खाली घेतलं आणि डोळे मिटवले. अंग केव्हाच थंड पडलं होतं, म्हणजे आदल्या सांजेचंच काम असणार. गळ्याभोवती दोन काळे व्रण होते, एक आडवा आणि एक तिरका. आधी आवळून मारलं होतं आणि मग वर ओढलं होतं.

मग त्याने दोर हातात घेऊन उजेडाकडे धरला. दोराचा पीळ डावा होता.

या घरात डाव्या पिळाचा दोर एकच माणूस वळायचा. म्हाताऱ्याचा धाकटा मुलगा. डावखुरा म्हणून त्याला सगळं बंदर डावऱ्याच म्हणायचं. त्याच्यासाठी चाकसुद्धा उलटं फिरवावं लागे, आणि उलटं फिरलं की ते चाक कण्हल्यासारखं कुरकुरायचं. तीन वर्षांपूर्वी डावऱ्या नांगराचा नवा दोर जोखायला म्हणून एका गलबतावर गेला. वादळात तो दोर तुटला, गलबत खडकावर फुटलं, आणि माणसं गेली ती गेलीच. डावऱ्याचा दोर तुटला, असं सगळे म्हणाले. डावा दोर अवलक्षणी ठरला. डावऱ्याच्या बायकोला, म्हणजे घरातल्या धाकटीला, बुडालेल्यांच्या बायका समोरून आल्या की रस्ता सोडावा लागायचा.

आणि गेल्या हिवाळ्यापासून सांजवेळी बंद दोरखान्यातून चाकाचं कुरकुरणं ऐकू येऊ लागलं होतं. उलट्या चाकाचं. दोन गड्यांनी ते ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी कामाला एकही गडी आला नाही. घरातली चार माणसं तेवढी राहिली: म्हातारा, थोरला आणि दोघी सुना.

परत येताना कोतवाल ओळींपाशी वाकला. मधल्या ओळीत पावलाचा टाचेकडचा भाग खोल होता, चालणाऱ्या माणसाचा असतो तसा. तिसऱ्या ओळीत मात्र बोटांचा भाग आधी रुतलेला होता आणि भुस्सा दाराच्या दिशेने ढकललेला होता.

"हा माणूस आत गेलेला नाही," कोतवाल स्वतःशीच पण जरा मोठ्याने बोलला. "बाहेर आलाय. ही पावलं उलटी आहेत."

बोलून गेला आणि जीभ चावली. पण तोवर उशीर झाला होता.

"उलटी पावलं!" दारात एक बाई किंचाळली. "ऐकलंत? कोतवालच म्हणतोय, उलटी पावलं!"

भुताची पावलं उलटी असतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गर्दीत वणवा पेटावा तशी ती गोष्ट पसरली. डावऱ्या आला, बापाला घेऊन गेला. मग बरोबरची दुसरी ओळ कुणाची? भुताला बोलावणारं कुणीतरी जिवंत माणूस लागतंच.

"काल दिवेलागणीला धाकटी इथेच होती," मीठवाली म्हणाली. "दाराला कान लावून उभी होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"माझ्या नवऱ्याला बुडवलं, आता सासऱ्याला खाल्लं," दुसरी म्हणाली.

दुपारच्या आत बंदराचा कारभार बघणाऱ्या दिवाणजींचा हुकूम आला. चेटकिणीला त्या बंदरात एकच शिक्षा होती: सांजेच्या भरतीआधी तिला खडकाला बांधायचं आणि परत यायचं. बाकीचं काम समुद्र करायचा.

कोतवाल दिवाणजींकडे धावला.

"मला भरतीपर्यंत वेळ द्या."

"भरतीपर्यंत ती तुमच्याच ताब्यात आहे," दिवाणजी म्हणाले. "माणसं चवताळलीत, कोतवाल. मी नाही म्हटलं तर माझंच घर पेटवतील. दुसरं कुणी सापडलं तर आणा, पण ते जिवंत असलं पाहिजे. मेलेल्या माणसाला मी खडकाला कसा बांधू?"

*

धाकटी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. बाहेर शिपाई उभा होता.

"काल सांजेला दोरखान्यापाशी कशाला गेली होतीस?"

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"पोरी, आज गप्प बसायचा दिवस नाही. सांजेला तुला काय करणार आहेत, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. पण शब्द दिलाय."

"कुणाला?"

"ज्यांना दिलाय ते गेले. पण म्हणून शब्द जात नाही ना, साहेब?"

कोतवालाने कपाळावर हात मारला. मग त्याची नजर तिच्या हातांवर गेली. डाव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांत बारीक काप होते, काही जुने, काही ताजे. वाख विंचरणाऱ्या बाईचे तळवे सोलतात, बेचक्या नाहीत. बेचक्या कापतात त्या दोर वळणाऱ्याच्या.

"चाक फिरवायला एक माणूस लागतो," कोतवाल सावकाश म्हणाला, "आणि सूत धरून मागे चालायला दुसरा. एकट्या भुताला दोर वळताच येणार नाही. चाकाला दोघं लागतात. हिवाळ्यापासून लोक ज्या भुताला घाबरत होते, ती तुम्ही दोघं होतात. चाकावर मामंजी आणि सुतावर तू."

धाकटीने मान वर केली. आता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता मी सांगितलं नाही, तुम्हीच ओळखलंत," ती म्हणाली. "मग बोलते. ह्यांनी मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच डावा पीळ शिकवला होता, गंमत म्हणून. मामंजींना ते ठाऊक होतं. हिवाळ्यात म्हणाले, पोरी, माझ्या लेकाचा हात तुझ्या हातात उरलाय, तो असा फुकट जायला नको. बाईने दोर वळायच्या चालीवर पाऊल ठेवलं तर दोरवाल्यांची जमात आम्हाला वाळीत टाकेल, म्हणून कुणाला कळू दिलं नाही. मी धान्याच्या कोठीतल्या मधल्या दारातून जायचे आणि निघताना भुस्सा पुन्हा सारखा करायचे."

"घरात कुणालाच ठाऊक नव्हतं?"

"भाऊजींनाही नाही, जाऊबाईंनाही नाही. त्याही घाबरायच्या आवाजाला. मला वाईट वाटायचं."

"आणि काल?"

"काल कोठीचं दार पलीकडून लागलेलं होतं. म्हणून बाहेरून गेले. तेही आतून बंद. हाक मारली, मामंजींनी ओ दिली नाही. चाक फिरत नव्हतं." ती थांबली. "पण आत कुणीतरी होतं, साहेब. दाराच्या पलीकडे, अगदी जवळ. श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, आज हे खरंच आलेत. ह्यांना हाक मारली आणि दाराला कान लावून कितीतरी वेळ उभी राहिले."

कोतवालाने मागे वळून दाराकडे पाहिलं. त्याने खिशातून दोराचा तुकडा काढून तिच्यापुढे धरला.

"हा त्याचाच दोर ना?"

तिने तुकडा घेतला, पीळ उलगडला, आतला एक पेड सोडवला, पेडातलं सूत सोडवलं आणि चिमटीत फिरवून पाहिलं.

"नाही. ह्यांचा नाही आणि माझाही नाही. बाहेरचा पीळ डावा आहे, पण आतलं सूत उजव्या पिळाचं आहे. आमचं सूतसुद्धा डावं असतं. थांबा." ती उठली, तांदळाच्या मडक्यातून सुताची एक लड काढून तिने त्याच्या हातात दिली. लडीचा पीळ खरंच उलटा होता. "हा दोर कुणीतरी कोठीतलं साधं सूत घेऊन डावा केलाय. म्हणून बघा ना किती फुगलाय. सूत एकीकडे ओढतं, दोर दुसरीकडे."

"हे तू सकाळीच का नाही सांगितलंस?"

"माझं कोण ऐकणार होतं?"

खरंच होतं. अजूनही कुणी ऐकणार नव्हतं. आरोपी बाई सांगते की हा दोर माझा नव्हे, यावर भरती थांबत नाही.

*

थोरल्या सुनेचं तोंड आता सुटलं होतं.

"मी आधीपासून सांगत होते, त्या पोरीचे पाय पांढरे आहेत. पण हे ऐकतील तर ना! सकाळपासून दहादा म्हणाले, तिला काही करू नका, हे भुताचं काम आहे, माणसाचं नाही. सख्खी बहीण असती तर एवढा जीव टाकला नसता."

"तुमचं आणि धाकटीचं पटत नाही?"

"दोन जावा आणि पटतंय, असं कुठे पाहिलंय तुम्ही? पण खडकाला बांधा असं मी नाही म्हणाले हो." तिने पदराने डोळे पुसले. "बोलते मी, पण मनात नसतं."

"तुम्हाला दोर वळता येतो?"

"मला? मी वाख विंचरते आणि झाडते. सुतळीचा तोडासुद्धा मला वळता येत नाही, ह्यांना विचारा. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, हे अजून हसतात."

"म्हाताऱ्याचं अलीकडे कुणाशी काही वाजलं होतं?"

"वाजलं नाही. पण परवा एक कोळी आला होता. जाळ्यात काहीतरी जड अडकलं होतं, ते गोणपाटात गुंडाळून मामंजींना देऊन गेला. तेव्हापासून मामंजी जेवले नाहीत, म्हणून काल रात्री घरात दिसले नाहीत तरी कुणी शोधलं नाही. काल एवढंच म्हणाले, उद्या जमातीला बोलावलंय, तिथे बोलेन."

"ते गोणपाट कुठे आहे?"

"कुणास ठाऊक. काल सकाळी तरी त्यांच्या खाटेखाली होतं."

आता खाटेखाली काहीच नव्हतं.

थोरला अंगणात डांबराच्या भट्टीपाशी बसला होता. गलबतांचे दोर बुडवायला डांबर तापवायची ती भट्टी, आतून खोल.

"तुला डावा दोर वळता येतो?" कोतवालाने विचारलं.

"नाही, साहेब. हातसुद्धा लावला नाही कधी. बाबांनी लहानपणीच सांगितलं होतं, एका घरात दोन पीळ पुरे, एकाच हातात दोन नकोत."

"भट्टी कोण पेटवतं?"

"मीच. दुसरं आहे कोण आता?" तो ओशाळं हसला. "साहेब, धाकटीला सोडवा. भुताच्या कामाला तिला का शिक्षा? तो माझा भाऊ होता. त्याला काय हवं होतं ते त्याने नेलं."

"दिवाणजींना दोर हवाय," कोतवाल म्हणाला. "तिला बांधायला. तो इथूनच जायचा. बंदरात दुसरीकडे दोर मिळतो कुठे?"

थोरल्याचा चेहरा राखेसारखा झाला. पण तो उठला आणि दोर आणायला आत गेला.

तो आत जाताच कोतवाल भट्टीच्या तोंडाशी वाकला. त्याचे दुखरे गुडघे कुरकुरले. भट्टीत आग नव्हती, नुसती राख होती, आणि ती कुणी ढवळली नव्हती. बराच वेळ त्याने श्वास रोखून आत पाहिलं. मग बोट घालून राखेतलं काहीतरी पांढरं, टोकदार उचललं आणि ते खिशात टाकलं.

त्याने शिपायाला हाक मारली.

"इथे उभा राहा. भट्टीला हात लावायचा नाही. फुंकरसुद्धा नाही. शिंक आली तर बाहेर जाऊन शिंक. आणि जा म्हणेपर्यंत कुणाला जवळ येऊ देऊ नकोस. नाही, आधी जाऊन दिवाणजींना सांग, खडकाकडे जायच्या आधी इथे या. गर्दी घेऊनच या."

*

दिवस कलला होता. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला धाकटी उभी होती, तिच्याशेजारी दोराचं वेटोळं हातात घेऊन थोरला. खाली खडकांवर पाणी चढायला लागलं होतं, त्याचा आवाज वर येत होता.

"बोला, कोतवाल," दिवाणजी म्हणाले. "भूत की माणूस?"

"माणूस. मला भुताची भीती वाटते, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. हसता तुम्ही. भूत असतं तर मी केव्हाच घरी पळालो असतो."

कुणीही हसलं नाही.

"पावलांपासून सांगतो. उलट्या पावलांनी चाकापासून दारापर्यंत कोण चालतं? या घरात रोजचं कामच ते आहे. तो माणूस मागे मागे चालत दारापर्यंत आला आणि उंचच उंच उंबरा न अडखळता ओलांडून गेला. मान वळवून पाहिलंही नाही. जन्मभर त्या जमिनीवर मागे चाललेल्या माणसालाच ते जमतं."

"धाकटीला जमत असेल!" कुणीतरी ओरडलं.

"जमतं. हिवाळ्यापासून ती सासऱ्याबरोबर चोरून दोर वळत होती. ज्या चाकाला तुम्ही घाबरलात, ते तुमचा म्हातारा फिरवत होता." गर्दीत कुजबुज झाली. कोतवालाने ती संपू दिली. "म्हणून दोराकडे या. हा दोर वरून डावा आहे, आतून उजवा. डाव्या सुताची लड धाकटीच्या मडक्यात आयती पडलेली असताना ती उजवं सूत कशाला घेईल? हा दोर अशा हातांनी वळलाय ज्यांना डावा पीळ येत नव्हता, पण तो भुताचा वाटायला हवा होता."

"हे तिचं तीच सांगते," मीठवाली म्हणाली.

"तिचं नका ऐकू. भट्टीत बघा. एकेकाने या, आणि तोंडावर पदर धरा."

दिवाणजी वाकले. राखेत दोराचे तुकडे पडले होते. जळून पांढरे झालेले, हात लावला तर मातीला मिळतील असे, पण आकार तसाच. एक तुकडा वेडावाकडा, गाठी पडलेला. दुसरा त्याहून बरा. तिसरा जवळजवळ जमलेला. सगळ्यांचा पीळ डावा होता.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही," कोतवाल म्हणाला. "आपण ही म्हण माणसांवर वापरतो, म्हणून दोराकडे बघायचं विसरतो. कुणीतरी डावा दोर वळायला शिकत होतं, फसलेले तुकडे भट्टीत टाकत होतं. आता मला सांगा, डावऱ्याच्या भुताला सराव करायची काय गरज? धाकटीला तरी काय गरज? थोरल्या सूनबाईंना सुतळीचा तोडा वळता येत नाही. म्हातारा तर गेलाच. मग उरलं कोण?"

थोरली सून नवऱ्याकडे बघत होती. तिचं तोंड उघडं होतं आणि त्यातून एकही शब्द येत नव्हता.

"त्या तुकड्यांशेजारी तो जाड जळका दोर बघा, दिवाणजी. त्याचा पीळ उजवा आहे. आणि त्याच्या राखेत हे होतं." त्याने तळहात उघडला. त्यावर समुद्रातल्या चिकटशिंपल्या होत्या. शिंपली जळत नाही. "डांबराच्या भट्टीत शिंपल्या कुठून येतील? हा दोर वर्षानुवर्षं समुद्राच्या तळाशी होता. परवा तो, गलबत फुटलं त्याच खडकापाशी, कोळ्याच्या जाळ्यात आला; कोळ्यालाच विचारलं मी. डावऱ्याच्या गलबताच्या नांगराचा दोर. म्हाताऱ्याने तो पाहिला आणि त्याचं जेवण सुटलं, कारण त्याचा पीळ उजवा होता. डावऱ्याचा दोर तुटलाच नव्हता. त्या नांगराला डावऱ्याचा दोर नव्हताच."

धाकटीने भिंतीला हात टेकला.

कोतवाल थोरल्याकडे वळला. त्याचा आवाज खाली आला. "बाप लटकलेला बघून मुलगा धावत जातो, थोरल्या. पाय धरून वर उचलतो. तू उंबऱ्यावरच थांबलास. मला सकाळीच कळायला हवं होतं."

थोरल्याच्या हातातलं वेटोळं खाली पडलं.

"त्या वर्षी वाख कमी होता," तो म्हणाला. बोलताना तो फक्त धाकटीकडे बघत होता. "जुने कुजके दोर उकलून मी नव्यात घातले. वरून कळलं नसतं. तो गलबतावर जाईल असं मला वाटलं नव्हतं, आयत्या वेळी गेला. नांगराला त्याचाच दोर होता असं लोक म्हणायला लागले आणि मी गप्प राहिलो. एकदा गप्प राहिलं की पुढे बोलता येत नाही, धाकटे. बाबा म्हणाले, उद्या जमातीपुढे सांगतो. मी पाय धरले. म्हणाले, तुझा भाऊ तीन वर्षं तुझं पाप वाहतोय, आता त्याला खाली ठेवू दे."

"आणि सराव?" दिवाणजींनी विचारलं. "तो तर आधीच केला होतास."

"कोळी गेला त्या दिवसापासून, चाकाशिवाय, मांडीवर हातानेच वळत होतो. सगळे भुताचं बोलतच होते. म्हटलं, भुताने केलं असं ठरलं तर कुणाही जिवंत माणसाला शिक्षा व्हायला नको. धाकटी काल दाराशी येईल हे मला काय ठाऊक? मी आत दाराला टेकून उभा होतो. बाहेर ती उभी होती. ती माझ्या भावाला हाक मारत होती."

"तरी दोर आणून दिलास," कोतवाल म्हणाला. "तिला बांधायला."

थोरल्याने पडलेलं वेटोळं पायाने दूर सारलं. धाकटी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तीन वर्षं मी रस्ता सोडत आले, भाऊजी," ती म्हणाली. "बुडालेल्या प्रत्येकाच्या बायकोसाठी. तुम्ही बघत होतात."

शिपायांनी त्याचे दंड धरले. कोतवालाने त्यांना क्षणभर थांबवलं.

"एक सांग. दारापर्यंत उलटा चालत गेलास, ते भुताची पावलं उठावीत म्हणून?"

"पावलांचं माझ्या ध्यानातही आलं नाही, साहेब." थोरल्याने दोरखान्याच्या दाराकडे पाहिलं. "बाबांकडे पाठ करून निघायची हिंमत झाली नाही. लहानपणापासून कधी केली नव्हती."

त्याला नेलं. त्याची बायको मागोमाग धावली, मग मधेच थांबली, आणि परत येऊन धाकटीच्या पायाशी बसून हुंदके देऊ लागली. धाकटीने तिच्या पाठीवर हात ठेवला. बुडालेल्यांच्या बायका गर्दीत मागे उभ्या होत्या. त्यांच्यातल्या एकीने, जिचा आवाज सकाळी सगळ्यांत मोठा होता, खाली मान घालून धाकटीसाठी वाट मोकळी केली. मग दुसरीनेही केली.

दिवेलागण झाली. खाली खडक पाण्यात गेला होता. माणसं पांगू लागली होती, आणि तेवढ्यात आवाज आला.

बंद दोरखान्यातून. चाकाचं कुरकुरणं. उलट्या चाकाचं, कण्हल्यासारखं, संथ, थांबत थांबत, म्हातारं माणूस फिरवतं तसं.

सगळे जागच्या जागी थिजले. कुणीतरी धाकटीकडे पाहिलं. ती तर इथेच उभी होती, जावेच्या पाठीवर हात ठेवून. दोरखान्याच्या कुलपाची किल्ली कोतवालाच्या खिशात होती.

"वारा असेल," दिवाणजी म्हणाले.

वारा पडलेला होता. समोरच्या डोलकाठीवरचं निशाण हलत नव्हतं.

"चाकाला दोघं लागतात," धाकटी हळूच म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण तोंडावर भीती नव्हती. "मामंजी पोचले ह्यांच्यापाशी."

कोतवालाने खिशातली किल्ली घट्ट धरली. पाय घराकडे पळायला बघत होते, पण तो हलला नाही. आवाज थांबेपर्यंत तो तिच्या शेजारी उभा राहिला.